नवव्या दिवसाचे पैसे

प्रश्न : ताई, नमस्कार. मी २७ वर्षांचा आहे. गाणी स्वतः लिहितो, चाली लावतो, गिटारवर गातो. नोकरी सांभाळून सहा वर्षांत बावीस गाणी झाली. त्यातली बारा घेऊन पहिला अल्बम करायचा आहे. साठवलेले पैसे स्टुडिओच्या आठ दिवसांना पुरतील. मित्र म्हणतात क्राउडफंडिंग कर, म्हणजे बऱ्याच लोकांकडून थोडे थोडे पैसे जमव. दादा म्हणतो कर्ज काढ, अर्धे हप्ते मी भरतो. ओळखीचे एक गृहस्थ सगळा खर्च करायला तयार आहेत, पण रेकॉर्डिंगची मालकी त्यांना हवी आहे. लोकांकडे पैसे मागायची लाज वाटते. काय करू?
— बारा गाण्यांचा धनी

उत्तर : तुझ्या पत्रात स्टुडिओचे आठ दिवस आहेत, नवव्या दिवसाचा कुठे पत्ताच नाही. पहिला अल्बम अडतो तो नवव्या दिवशी. रेकॉर्डिंग झालेलं असतं, पेढे वाटून झालेले असतात, आणि मिक्सिंगला, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवायला, पैसे नसतात.

माझं हेच झालं. होते नव्हते तेवढे पैसे मी वाद्यांवर घातले. जिथे एक व्हायोलिन पुरलं असतं तिथे चार बोलावली. मग ती हार्ड डिस्क चौदा महिने कपाटात. पैसे जमवून मिक्सिंगला बसले, तर तिसऱ्या गाण्याच्या शेवटच्या ओळीला इंजिनिअरनं हात वर केला. त्या ओळीला सगळी वाद्यं थांबतात, नुसता आवाज उरतो. आणि त्या आवाजामागे बारीक, पण स्पष्ट : टिक, टिक, टिक. मला एक कान उघडा ठेवून गायची सवय. हेडफोनची ती मोकळी वाटी गालाजवळ लोंबत होती आणि तिच्यातली क्लिक, म्हणजे लय धरायला कानात वाजणारी टिकटिक, सरळ माइकमध्ये शिरत होती. बाकी गाण्यात तबल्याखाली झाकली गेली, इथे उघडी पडली. हे दुसऱ्याच दिवशी कळलं असतं तर तेवढी ओळ पुन्हा गायले असते. चौदा महिन्यांनी गायले तेव्हा आवाजाचा पोत वेगळा, श्वास वेगळा. ठिगळ लगेच ऐकू यायचं. शेवटी अख्खं गाणं पुन्हा गावं लागलं. (एक कान उघडा लागत असेल तर ती वाटी कानामागे डोक्याला दाबून ठेव, आणि नुसत्या आवाजाच्या ओळीला क्लिक बंद करायला सांग.)

म्हणून हिशेब शेवटाकडून मांड. आहेत त्या पैशांचे दहा वाटे कर. दोन मिक्सिंगचे. एक मास्टरिंग (मिक्सिंगनंतरचा शेवटचा हात) आणि मुखपृष्ठाचा. दोन गाणी लोकांपर्यंत नेण्याचे. एक कुलूपबंद, क्लिकसारख्या भानगडींसाठी. उरलेल्या चारांत स्टुडिओ आणि वादक. हे वाटे माझ्या ठेचांतून आलेत, थोडे इकडेतिकडे कर. पण क्रम तोच ठेव. म्हणजे तुझे आठ दिवस तीन-साडेतीनच आहेत. हिरमुसू नकोस, ते पुरतात.

पुरतात कधी, तर स्टुडिओत तालीम करायची नाही असं ठरवलंस तर. बाराही गाणी फोनवर रेकॉर्ड कर, नुसता आवाज आणि गिटार. आठवडाभर ऐकू नकोस. मग एका बैठकीत सलग ऐक आणि जिथे तुझं तुलाच गाणं पुढे सरकवावंसं वाटेल तिथे खूण कर. दोन-तीन गाणी आपोआप गळतील. उरलेल्यांची पट्टी, लय, अंतरे किती, शेवट कसा, हे कागदावर पक्कं कर. पट्टी उभं राहून, पूर्ण आवाजात गाऊन ठरव. रात्री घरच्यांची झोप मोडू नये म्हणून हळू गाऊन ठरवलेली पट्टी माइकसमोर हमखास खाली पडते. आणि बारा हा आकडा आला कुठून? बारा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं नीट बसायची, म्हणून चाळीसेक मिनिटांचा अल्बम रूढ झाला. तुझ्यावर ते बंधन नाही. आठ घट्ट गाणी घे.

गिटार आणि आवाज घरीच रेकॉर्ड केला तर? जमेल. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन गायकानं १९८२च्या जानेवारीत घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाण्यांचे कच्चे नमुने केले. नंतर बँड घेऊन तीच गाणी स्टुडिओत वाजवून पाहिली, पण मनासारखी होईनात, म्हणून त्या कॅसेटचाच 'नेब्रास्का' हा अल्बम निघाला. हा दाखला सगळे देतात. त्या कॅसेटवरून रेकॉर्ड कापता येईल अशी मूळ प्रत तयार करताना तंत्रज्ञांचा घाम निघाला, हे मात्र कोणी सांगत नाही. घरी कर, पण फ्रिज बंद करून, कपड्यांनी भरलेल्या कपाटाची दारं उघडून त्याच्यासमोर बसून. आणि एक गाणं करून ते मिक्सिंग करणाऱ्याला ऐकवल्याशिवाय दुसरं सुरू करू नकोस.

आता क्राउडफंडिंग. हा शब्द निघाला की अमांडा पामर या अमेरिकन गायिकेचं नाव येतंच. २०१२मध्ये किकस्टार्टर या क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावर २४,८८३ जणांनी मिळून तिला जवळपास बारा लाख डॉलर दिले. पण त्याआधी ती कैक वर्षं बँडमधून आणि एकटी गावोगाव गात फिरत होती, कार्यक्रम संपल्यावर थांबून एकेकाशी बोलत होती. मॅरिलियन या ब्रिटिश बँडचंही तसंच. १९९७मध्ये त्यांच्या अमेरिकेतल्या चाहत्यांनी आपण होऊन पैसे गोळा करून त्यांचा दौरा घडवला. त्यावरून पुढे काही वर्षांनी बँडनं एक अल्बम रेकॉर्ड करण्याआधीच विकायला काढला आणि बारा हजारांवर लोकांनी आगाऊ पैसे भरले. हे लोक क्राउडफंडिंगनं आणलेले नव्हते, आधीपासूनचेच होते. आडात होतं म्हणून पोहऱ्यात आलं.

तुझ्या आडात किती आहे ते मोज. एका वहीत नावं लिही. फॉलोअर्सचा आकडा नको. ज्यांनी तुझं गाणं ऐकून कधीतरी काही विचारलं, कोणाला पाठवलं, पुन्हा ऐकायला आले, अशी माणसं. माझ्या वहीत २१४ नावं भरली, पैसे ६१ जणांनी दिले. त्यातल्या निम्म्यांकडून एवढी अपेक्षा नव्हती, आणि ज्यांच्यावर भिस्त होती त्यांतले बरेच गायब झाले. तू नावांच्या चौथ्या हिश्श्यावर हिशेब धर. तेवढ्यात भागत नसेल तर मोहीम सहा महिने पुढे ढकल आणि तेवढ्यात लोकांसमोर गा.

जाहीर करायचा आकडा म्हणजे नुसती अल्बमची तूट नव्हे. किकस्टार्टर ५ टक्के घेतं, पैसे वळते करण्याचं शुल्क वेगळं. शिवाय सरकारी कर, पैसे देणाऱ्यांना द्यायच्या भेटवस्तू बनवायचा खर्च, पाकिटं, टपाल. तिथला नियमही ध्यानात घे : ठरवलेला आकडा मुदतीत गाठला नाही तर एक पैसाही मिळत नाही. मला तो नियम आवडतो. अर्धे पैसे हातात आणि पूर्ण अल्बमचा शब्द डोक्यावर, यापेक्षा काहीच न मिळालेलं परवडतं.

भेटवस्तूंत मी फसले. 'गाणं स्वहस्ताक्षरात' असं मोठ्या हौसेनं लिहिलं आणि चाळीस जणांनी नेमकं तेच निवडलं. जाड कागद, निळी शाई, एका कागदाला पंचवीस मिनिटं. दुसऱ्या अंतऱ्याला तळहाताला घाम सुटायचा आणि वरची ओळ फरफटायची. मग तळहाताखाली टिपकागद धरून लिहायला लागले. अकराव्या कागदावर 'वाट' लिहायचं तिथे 'वात' लिहून बसले, आणि तो तसाच पाठवला. जिला तो मिळाला तिनं तो चौकटीत लावलाय, फोटोही पाठवला. मी तो नीट पाहिलेला नाही. चाळीस कागदांचे सतरा तास होतात, वाया गेलेले कागद वेगळे. तेव्हा जे एकदा करून सगळ्यांना देता येतं तेच कबूल कर : कच्ची रेकॉर्डिंग, गाणं कसं झालं त्याच्या नोंदी, ऑनलाइन बैठक. हातानं करायच्या वस्तूवर संख्येची मर्यादा घाल. दहा म्हणजे दहा.

लाजेचं म्हणतोस, तर 'मला मदत करा' म्हणू नकोस, लाज त्या वाक्यात आहे. 'अल्बम अमुक महिन्यात येतोय, आत्ता घेतलात तर मिक्सिंग होईल,' असं म्हण. आगाऊ विक्री आहे ती. आणि सगळ्यांना एकच संदेश ढकलू नकोस. वहीतल्या प्रत्येकाला नावानं लिही. वेळ जातो, पण माझे ६१मधले बहुतेक तिथूनच आले.

कर्ज नको. दादा चांगला आहे, म्हणून तर नकोच. हप्ता दर महिन्याला येतो, गाण्याचे पैसे तसे येत नाहीत.

त्या गृहस्थांबद्दल. गाण्याला दोन हक्क असतात : शब्द आणि चाल यांचा एक, आणि त्या विशिष्ट रेकॉर्डिंगचा दुसरा, ज्याला मास्टर म्हणतात. ते दुसरा मागताहेत. तो दिलास तर गाणं तुझं राहील, पण उद्या कोणाला ते चित्रपटात वापरायचं असेल, तर तुझ्याच आवाजातल्या त्या रेकॉर्डिंगसाठी परवानगी तेच देतील. तेव्हा मालकी द्यायची नाही. अल्बमच्या उत्पन्नातून त्यांचे पैसे आधी फिटतील, त्यावर ठरलेला वाटा ठरलेल्या वर्षांपर्यंत, असं विचारून बघ. तयार झाले तर लिहून घे आणि वकिलाला दाखव. नाही म्हणाले तर त्यांना तुझ्या अल्बमपेक्षा मास्टरच जास्त हवं होतं, एवढं कळेल.

प्रश्न : माझ्या चार गाण्यांचं संगीत संयोजन मैत्रिणीनं केलं. तेव्हा पैसे घेतले नाहीत. आता अल्बम येतोय म्हटल्यावर ती गाण्यांत निम्मा वाटा मागते. गाण्यांची मी कुठेच नोंदणी केलेली नाही. माझा हक्क गेला का?
— एक गायिका

उत्तर : हक्क कुठे जात नाही. बर्न करार (लेखन-कलेच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) मानणाऱ्या देशांत रचना केली की हक्क आपोआप मिळतो. त्यासाठी नोंदणीची अट घालायची नाही, असं त्या कराराच्या १९०८मधल्या दुरुस्तीपासून ठरलेलं आहे. नोंदणी भांडणात पुरावा म्हणून उपयोगी पडते, आणि रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत गाणं नोंदवलं नाहीस तर पैसे तुझ्यापर्यंत पोचायचे नाहीत. त्या दोन्ही गोष्टी करून टाक.

मैत्रिणीची मागणी सगळीच चुकीची नाही. चारही गाणी घे आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचार : तिनं घातलेलं काढून टाकलं आणि मी नुसतं गुणगुणलं, तर गाणं तेच राहतं का? राहत असेल तर ते संयोजन. त्याचे ठरलेले पैसे द्यायचे, किंवा रेकॉर्डिंगच्या उत्पन्नात वाटा द्यायचा. राहत नसेल, म्हणजे गाणं ज्या सुरावटीवरून ओळखू येतं ती तिची असेल, तर ती रचनेत भागीदार आहे. तिथे कंजूषपणा करू नकोस. एखाद्या गाण्यात वाटा निघेल, चारांत निम्मा निघणार नाही असा माझा अंदाज. प्रत्येक गाण्याचा वेगळा कागद करा : गाण्याचं नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, टक्के (बेरीज १००च हवी, मी ११० झालेली पाहिली आहे), दोघींची पूर्ण नावं आणि सह्या. अल्बम यायच्या आधी, समोरासमोर बसून. फोनवर हे बोलू नका.

प्रश्न : गाणी तयार आहेत. येत्या शुक्रवारी सगळीकडे टाकतोय. काही राहिलं का?
— घाईत

उत्तर : शुक्रवार बरोबर निवडलास, २०१५पासून जगभर नवे अल्बम शुक्रवारीच येतात. हा शुक्रवार मात्र सोड. स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट ठरवणाऱ्या संपादकांकडे गाणं निदान सात दिवस आधी पाठवावं लागतं, आणि ते त्याआधी वितरकामार्फत, म्हणजे गाणी अशा सेवांवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत, तिथे पोचलेलं हवं. मी महिनाभर हातात ठेवते. प्रत्येक गाण्याला आयएसआरसी, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख सांगणारा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक, मिळालाय ना, बघ. वितरक बदललास तरी तोच क्रमांक लाव. पैशांची वाट बघत बसू नकोस : २०२४पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत निदान हजार वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही.

आणि नावाचं स्पेलिंग सगळ्या गाण्यांना एकच ठेव. मी एका गाण्याला एक 'ए' जास्तीचा लावला. तेव्हापासून माझी दोन प्रोफाइल्स आहेत. दुसरीवर ते एकच गाणं आहे, आणि तेच जास्त ऐकलं जातं.