दिवा लावून वाच

पुणे

प्रिय मुली,

हे पत्र फोनला वाचायला सांग, आईला नको. तिच्यापासून लपवण्यासारखं यात काहीच नाही. पण तुझ्या नावाचं पत्र आधी तुझ्या कानांवर पडावं, एवढ्यासाठी सांगतोय.

परवा अप्पा बळवंत चौकात तुझी आई भेटली. शेवटच्या वर्षाला असताना नजर गेली, तेव्हापासून पोरगी पुस्तकाला हात लावत नाही, म्हणाली. मग म्हणाली, "आता सगळं मीच वाचून दाखवते तिला." ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. माझी पहिली चाळीस वर्षं अशीच गेली आहेत.

१९८६ साली मी एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज केला होता. उत्तर आलं, इंग्रजीत, टाइप केलेलं. दादाने वाचलं आणि म्हणाला, "जागा भरली रे. पुढच्या वेळी बघू." ते पत्र मी ट्रंकेत ठेवून दिलं. पुढे दुसरीकडे नोकरी लागली, संसार झाला. २००४ मध्ये एका संस्थेत संगणकाला जोडलेला स्कॅनर आला. सरावाला घरून एखादा छापील कागद आणा, असं शिकवणाऱ्यांनी सांगितलं. मी ते पत्र नेलं. कागद घडीवर फाटायला आला होता. गार काचेवर तो तळहाताने सपाट केला, झाकण लावलं, आणि थोड्या वेळाने इअरफोनमधून एकसुरी आवाज सुरू झाला. जागा भरली, असं त्यात कुठेच नव्हतं. दृष्टिहीन उमेदवाराचा विचार करता येणार नाही, असं होतं. मी तीनदा ऐकलं.

दादाने माझ्यासाठी ती ओळ गिळली होती. तोवर त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्यावर मी राग धरला नाही, आजही नाही. पण बाळ, ते पत्र माझं होतं. तेव्हाच कळलं असतं तर मी त्या कचेरीच्या दारात जाऊन भांडलो असतो. हरलो असतो, तरी भांडलो असतो.

त्या दिवसापासून मी ज्या माणसाचं ऋण मानतो तो अमेरिकन संशोधक रे कुर्झवाइल. त्याआधीची यंत्रं ठरावीक वळणाचीच छापील अक्षरं ओळखायची. कुठल्याही वळणाचा छापील मजकूर ओळखेल अशी पद्धत त्याने १९७४ च्या सुमारास बसवली, पण ती वापरायची कशासाठी हे ठरत नव्हतं. मग विमानात त्याच्या शेजारी एक अंध गृहस्थ बसले. बाकी सगळं जमतं, साधी छापील पानं तेवढी वाचता येत नाहीत, हे त्यांच्याकडून त्याला कळलं. कागद टिपणारा सपाट स्कॅनर आणि मजकूर बोलून दाखवणारा आवाज, दोन्ही त्याच्या कंपनीने स्वतः घडवले, आणि १३ जानेवारी १९७६ ला वाचनयंत्र लोकांपुढे आलं. पहिलं यंत्र गायक स्टीव्ही वंडरने विकत घेतलं. २००६ पर्यंत तेच काम हातात मावणाऱ्या यंत्रात आलं. मी त्याचं मूळ यंत्र कधी हाताळलेलं नाही. पण त्या स्कॅनरमागे आणि आज माझ्या खिशातल्या फोनमागे त्याचीच कल्पना आहे, आणि रोज सकाळी वीजबिल ऐकताना मला त्याची आठवण होते.

आता कामाचं. खोलीतला दिवा लाव. आपल्याला त्याची गरज नसते म्हणून आपण विसरतो, पण कॅमेऱ्याला उजेड लागतो. मी पहिला आठवडाभर अंधारात फोटो काढत होतो आणि फोन बिघडलाय असं समजत होतो. कागद टेबलाच्या कडेला लावून ठेव, दोन्ही कोपरं टेकव, फोन आधी कागदाच्या मधोमध टेकवून मग सरळ फूटभर वर उचल. औषधाच्या गोल बाटलीवरचं लेबल थोडं थोडं फिरवत तीन-चारदा टिप. औषधाची मुदत मात्र डोळस माणसाकडूनच तपासून घे, ती पुसट ठशांची छपाई यंत्राला नेहमी लागत नाही.

इंग्रजी छान वाचलं जातं. मराठीत शिरोरेषेने अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे यंत्र अडखळतं, 'घ'चा 'ध' करतं, अनुस्वार खातं. दोन दिवसांत कान सरावतो आणि चूक आपोआप दुरुस्त करून ऐकतो. संगणकावर एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर घाल, ते फुकट आहे आणि मराठीही बोलतं. आणि ब्रेल शीक. इथे मी हट्टी आहे. नुसतं ऐकून शुद्धलेखन राहत नाही, 'दिन' की 'दीन' हे बोटांखालीच कळतं.

हाताने लिहिलेलं मात्र अजून माझ्या फोनला धड वाचता येत नाही. माझ्या आईच्या लोणच्याच्या प्रमाणाची वही मला नातीकडूनच वाचून घ्यावी लागते, आणि ती मी आनंदाने घेतो म्हणून तिला तिखट किती हे तोंडपाठ झालंय.

तुझ्या डॉक्टरांचा नवा रिपोर्ट आलाय, हेही आईच बोलून गेली. तिने तो उघडून पाहिलाय आणि तुला "सगळं ठीक आहे" एवढंच सांगितलंय. तिच्यावर चिडू नकोस. रविवारी चारला लिफाफा घेऊन माझ्याकडे ये. आई सोबत आली तर उत्तम, ती बाहेर माझ्या सुनेशी गप्पा मारत बसेल. इअरफोन आण. टेबल मोकळं करून मी दिवा लावून ठेवतो.

तुझा,
वाड्यातला काका