मलय घराच्या जीर्ण लाकडाची शब्दनोंद

चि. अभ्यासकास,
अनेक आशीर्वाद.

कोशासाठी तू पाठवलेली मलय भाषेतील (मलेशिया व आसपासच्या प्रदेशातील) शब्दांची यादी वाचली. लापुक, रपुत, बुसुक आणि रापुह या चारही शब्दांपुढे ‘कुजलेले’ एवढाच अर्थ दिलेला आहे, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. लापुक म्हणजे काळाने व दमटपणाने जीर्ण झालेले. ते लाकडाला लागते, कापडाला लागते आणि कालबाह्य विचारांनाही लागते. रपुत म्हणजे सडून भुसभुशीत झालेले. बुसुक या शब्दाला दुर्गंधी चिकटलेली असल्याने तो मासळीला आणि अन्नाला अधिक शोभतो, तर रापुह म्हणजे नुसते ठिसूळ, मग ते लाकूड असो वा हाड.

हे भेद टेबलाशी बसून विचारता येत नाहीत. पारंपरिक मलय घर खांबांवर उभे असते आणि ओल वर चढू नये म्हणून खांबाचे बूड बहुधा जमिनीत न पुरता दगडी बैठकीवर टेकवतात. तेव्हा एखाद्या जुन्या सुताराला घेऊन घराखाली जा आणि तिआंग म्हणजे खांबापासून सुरुवात करून घराच्या तळफळ्यांखालच्या गलगार तुळयांवरून छपराच्या कसाऊ वाशांपर्यंत प्रत्येक भागाला हात लावून विचार: बुडाशी सडलेल्या खांबाला जो शब्द, तोच पावसाने भिजलेल्या वाशाला चालेल का? ‘नाही’ हे उत्तर आले तर तेही टिपून घे. माझ्या मते होकारापेक्षा नकारच कोशाला जास्त उपयोगी पडतो.

कुजण्याच्या कारणाचा रकाना वेगळा ठेव. वाळवी म्हणजे अनाई-अनाई, आणि फिलिपिन्समधील तागालोग भाषेत तिलाच आनाय म्हणतात; लाकूड पोखरणारा भुंगा म्हणजे बुबुक, तागालोगमध्ये बुकबोक. ही नाती उसनवारीची नसून वारशाची, म्हणजे एकाच पूर्वज भाषेतून आलेली आहेत. कसाऊचाही भाऊबंद पार पॅसिफिक महासागरातल्या सामोआत ‘आसो’ या रूपात भेटतो. उलट खिडकीला म्हणतात तो जेन्देला हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. गोव्यातले जनेल त्याच मुळाचे, म्हणून त्याला वारशाच्या यादीत बसवू नकोस. इंडोनेशियात बुबुक म्हणजे कोणतीही पूड, अगदी कॉफीचीही. तेव्हा नोंद कुठल्या प्रदेशातली हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रूढी-परंपरेविषयीची एक म्हण तुला वारंवार ऐकू येईल: परंपरा पावसाने लापुक होत नाही आणि उन्हाने लकांग होत नाही. इथे लकांग म्हणजे तडकून सुटणे. अर्थ परंपरेचा असला तरी कोशकाराला त्यात दोन शब्द आणि त्यांची दोन कारणे जोडीने मिळतात, आणि असे वाक्य सुट्या शब्दांपेक्षा कितीतरी भरवशाचे असते.

उच्चाराबाबत एवढेच की बोलण्यात शेवटचा ‘क’ बहुधा घशातच अडतो, त्यामुळे लेखी रूप आणि ऐकलेले रूप दोन्ही लिहावे. पुढच्या यादीत प्रत्येक शब्दासोबत घराचा भाग, कारण आणि सुताराने स्वतः म्हटलेले एक वाक्य असू दे.