परदेशावरील भाषणासाठी विषयाची बाजू निवडताना

नवोदित वक्त्याने संपूर्ण देश कवेत घेण्याचा मोह टाळावा. राजधानी, लोकसंख्या आणि हवामान श्रोत्यांना कोणत्याही कोशात सापडते. स्वीडनवर बोलायचे असल्यास ३ सप्टेंबर १९६७ ची पहाट पुरेशी आहे, कारण त्या दिवशी पाच वाजता साऱ्या देशाची वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूकडून उजव्या बाजूला गेली. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के मतदारांनी हा बदल नाकारला होता, तरीही तो का झाला, हा प्रश्न विचारताच शेजारच्या नॉर्वे-फिनलंडमधील उजवी वाहतूक, स्वीडनमधील बहुतेक मोटारींचे डावीकडील स्टिअरिंग आणि जनमत व संसद यांचे नाते आपोआप चर्चेत येते. प्रेक्षणीय स्थळे मात्र खुशाल वगळावीत.