देवानं पोर चालवली, मग मी काय केलं?

पत्र

मावशी, माझी मुलगी चालली. सोफ्यापासून टीव्हीच्या स्टँडपर्यंत पाच पावलं, मी मोजली. ती 31 आठवड्यांची असताना झाली, वजन 1 किलो 380 ग्रॅम, 36 दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होती. आता 19 महिन्यांची आहे. दर तीन तासांनी पंप लावून दूध काढणं, डोळ्यांच्या पडद्याच्या तपासण्या, आठवड्यातून तीन वेळा फिजिओ, सगळं मी केलं, नोकरी पण सोडली. आणि ती चालली त्या संध्याकाळी सासूबाईंनी सगळ्या नातेवाईकांना फोन लावले, मल्हारीनं पोरीला पाय दिले म्हणून. माझं नाव एकदाही नाही. मी सगळ्यांसमोर बोलले, रात्री तीन वाजता दूध काढायला तुमचा देव आला होता का? तेव्हापासून बारा दिवस आमचं बोलणं बंद आहे.

त्यांनी नवस बोललाय, जेजुरीला पोरीच्या वजनाइतक्या गुळाची तुला करायची आणि गडाची पहिली पायरी पोरीनं आपल्या पायानं चढायची. मिस्टर म्हणतात जाऊन येऊ ना, काय जातंय. मला ताप होता तेव्हा चार दिवस कांगारू (बाळाला उघड्या छातीशी धरून बसणं) सासूबाईंनी केलं, ते मी नाकारत नाही. आणि आत्ता मिस्टरांकडून कळलं की पोर जन्मली त्या दिवसापासून त्यांनी गूळ-साखर सोडलीय, मला वाटायचं शुगर असेल. मी देव मानत नाही असं नाही, पण माझी मेहनत देवाच्या खात्यावर जमा झालेली मला बघवत नाही. मी चुकले का? जायचं का जेजुरीला?
— एक आई, सातारा

उत्तर

अगं, आधी त्या पाच पावलांसाठी तुला घट्ट मिठी. तुझं पत्र वाचताना मी पहिल्या ओळीलाच थांबले आणि चष्मा पुसला. 1 किलो 380 ग्रॅमचं बाळ हातात घेतलेल्या बाईलाच माहिती असतं की पाच पावलं म्हणजे काय असतं.

आणि एक गोष्ट आधीच सांगते कारण ती तुझ्या मनात कुठेतरी टोचत असणार, ‘उशिरा’ चालली हा शब्द घरातल्या कुणी वापरला तर ऐकून घेऊ नकोस. दिवस भरणं म्हणजे 40 आठवडे धरले तर तुझी लेक नऊ आठवडे आधी आली, म्हणजे दोन महिने. साधारण दोन वर्षांपर्यंत अशा बाळांचं वय ते दोन महिने वजा करून मोजतात, तुझ्या डॉक्टरांनी फाईलवर तसं लिहिलंही असेल. तर ती 19 नाही, 17 महिन्यांची धर. बाळं आठव्या महिन्यापासून ते अठराव्या महिन्यापर्यंत कधीही आपलं आपलं चालायला लागतात. तुझी वेळेत चालली गं. शेजारच्या काकूंना पण हेच सांग.

आता तुझा राग. तो खोटा नाही. दीड वर्ष एका बाईची झोप गेली, नोकरी गेली, आणि फोनवर तिचं नाव सुद्धा येऊ नये, हे लागणारच. कुणी म्हणेल सासूसाठी मन मोठं ठेवावं वगैरे, मी तसलं काही म्हणणार नाही. तुला तुझं नाव हवंय, ते हवंच.

पण तुझ्या पत्रात दोन वाक्यं अशी आहेत की तू ती घाईघाईत लिहून पुढे गेलीस आणि मी मात्र तिथेच अडकले. एक, चार दिवस कांगारू त्यांनी केलं. दोन, गूळ-साखर सोडली.

कांगारूचं आधी बोलते. ही पद्धत 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिथे बाळं जास्त आणि काचेच्या पेट्या कमी, तर डॉक्टरांनी आईच्या छातीवरच बाळ ठेवायला सुरुवात केली. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की कमी दिवसांच्या बाळाला जन्मल्या जन्मल्या असं ठेवावं, दिवसाचे आठ तास तरी, जमेल तितकं जास्त. म्हणजे ते काही मन रमवायला नव्हतं, ती ट्रीटमेंट होती. तुझ्या तापाच्या चार दिवसात ती ट्रीटमेंट बंद पडली नाही कारण एक म्हातारी बाई ब्लाउजची बटणं उघडून, अंगावर चादर घेऊन, पाठ अवघडली तरी न हलता बसली. आपल्याकडच्या त्या वयाच्या बायकांना असं परक्या नर्सेससमोर उघडं बसणं किती जड जातं हे मी माझ्या घरात बघितलंय. पंप-फिजिओच्या यादीत तू ते धरलं नाहीस. धर.

आणि आता नवस. मला काय वाटतं सांगू का, तू नवसाकडे बघतेस ते श्रेय लाटायची पावती म्हणून, आणि त्यांच्या बाजूनं तो तसा नव्हताच. तेव्हाचे दिवस आठव. तुला आत सोडत होते, त्यांना, ते चार दिवस सोडले तर, काचेबाहेरून दोन मिनिटं. तुझ्याकडे पंप होता, चार्ट होता, कितीला किती मिली गेलं हे विचारायचा हक्क होता. त्यांच्याकडे काय होतं? सॅच्युरेशन म्हणजे काय ते त्यांना कळत नव्हतं, मॉनिटर वाजला की हात-पाय गार पडत होते. पाचवीला घरात बाळ नाही, बाळंतीण नाही, तरी मला खात्री आहे त्यांनी पाट्या-वरवंट्यापुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं असणार, सटवाई येऊन पोरीच्या कपाळी बरं लिहू दे म्हणून (विचारून बघ एकदा, नसेल ठेवलं तर मी चुकले). ज्या बाईला करण्यासारखं दुसरं काहीच नाही ती जे करू शकते ते म्हणजे नवस. ती तिची नाईट ड्युटी होती. आणि 19 महिने चहा अगोड पिणं, सणावाराला पुरणपोळी लाटून दुसऱ्याच्या ताटात वाढणं आणि आपण नुसता वरणभात खाऊन उठणं, तेही कुणाला न सांगता, हे सोपं नाही गं. त्यांना श्रेयच हवं असतं तर पहिल्या महिन्यातच गल्लीभर सांगितलं असतं.

इथे तुझ्या मिस्टरांना पण चार शब्द. भाऊ, तुम्हाला ही साखरेची गोष्ट माहिती होती आणि बायको समजत राहिली की सासूला शुगर आहे? ‘जाऊन येऊ ना, काय जातंय’ असं म्हणून सुटू नका. दोन बायका एकाच पोरीसाठी वेगवेगळ्या खोलीत जागत होत्या आणि दोघींचं जागणं फक्त तुम्हाला दिसत होतं. एकीचं दुसरीला सांगणं हे तुमचं काम होतं.

माझं एक सांगते, लांबण लागली तरी. माझा मुलगा अडीच वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. स्पीच थेरपी लावली, मी रोज घरी चित्रं दाखवून घ्यायचे, आणि तो बोलायला लागला तेव्हा मी ज्याला त्याला थेरपिस्टचं नाव सांगत सुटले. माझे सासरे रोज संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन रेल्वे फाटकावर जायचे आणि मालगाडीचे डबे मोजायचे, एक, दोन, तीन, मोठ्यानं, चाळीस चाळीस डबे. मुलाचा पहिला स्पष्ट शब्द ‘तीन’ होता. मी तेव्हा ते जोडलंच नाही. जोडलं तेव्हा सासरे जाऊन दोन वर्षं झाली होती. तुझ्याकडे वेळ आहे म्हणून हे लिहिलं.

तर जायचं का? मी म्हणते जा. सासूबाईंनी अंगारा लावून फिजिओ बंद करा म्हटलं असतं तर माझं उत्तर वेगळं आलं असतं, मग मी तुझ्या बाजूनं भांडले असते. पण त्यांनी तुझ्या एकाही अपॉइंटमेंटच्या आड नवस आणला नाही. तुला गाभाऱ्यात काही मागायचं नसेल तर नको मागूस, नुसती उभी राहा.

फक्त पोरीच्या बाबतीत आईचंच चालणार, हे आधी बोलून घे. रविवार नको, सोमवती अमावस्या नको, चंपाषष्ठीच्या दिवसात तर अजिबात नको, तेव्हा गडावर भंडारा असा उधळतात की हवा पिवळी होते, आणि तुझी लेक लवकर जन्मलेली आहे, तिच्या फुफ्फुसांना जपायला हवं. मधला साधा वार बघा, सकाळी लवकर, दगड तापायच्या आत, आणि बालरोगतज्ज्ञांना एकदा विचारून. कपाळाला बोटभर भंडारा पुरे. खोबऱ्याचे तुकडे उधळतात ते ती उचलून तोंडात घालेल, या वयात सुकं खोबरं घशात अडकतं, त्यावर एका माणसाची ड्युटी लाव (मिस्टरांची). साताऱ्याहून रेल्वेनं गेलात तर अजून बरं, जेजुरी त्याच पुणे-मिरज लाईनवर आहे, पोरीला गाडीत चालायला पण मिळेल. पहिली पायरी ती चढेल तेव्हा एक बोट तुझं आणि एक बोट आजीचं, पुढच्या पायऱ्या बापाच्या खांद्यावर.

आणि गुळाची तुला, अगं, तिचाच मला फार आनंद झालाय. आठवतंय का एनआयसीयूतला वजनकाटा? सकाळी सिस्टर बाळाला काट्यावर ठेवायच्या आणि तू श्वास धरून आकडा बघायचीस, पहिल्या आठवड्यात वजन आधी उतरतंच, मग एखाद दिवशी पंधरा ग्रॅम वाढ, एखाद दिवशी वीस, त्या वीस ग्रॅमवर तुझा अख्खा दिवस जायचा. आता तीच पोर पारड्यात पाय हलवत बसणार आणि समोर गुळाच्या ढेपा लागणार, किलोनं. तो काटा तुझा पण आहे. तू बघितलेल्या प्रत्येक ग्रॅमचा गूळ आहे तो.

त्या गुळाचे दोन वाटे करू या असं सासूबाईंना विचार. एक गडावर वाटायला, आणि एक एनआयसीयूच्या सिस्टर्सना आणि फिजिओच्या मॅडमना. मला नाही वाटत त्या नाही म्हणतील. माणसाच्या हातून देव करतो असं म्हणणारी पिढी आहे ती, त्या हातांना गूळ द्यायला त्यांची ना कशाला असेल?

पण त्याच्या आधी बोलणं सुरू व्हायला पाहिजे, आणि ते तूच करावंस असं मला वाटतं, चूक सगळी तुझी आहे म्हणून नाही, तर रात्री तीनचं वाक्य सगळ्यांसमोर गेलंय म्हणून. माफीचं भाषण नको. सकाळचा चहा घेऊन जा, बिनसाखरेचा, आणि म्हण, ‘आई, साखरेचं मला आत्ता कळलं. मी त्या दिवशी बोलायला नको होतं.’ त्या काही बोलतील किंवा नाही बोलणार, डोळ्याला पदर लावतील, थांब तेवढं. मग दुसरं वाक्य, तेही गिळू नकोस, ‘पण तुम्ही फोनवर देवाचं नाव घेता तेव्हा माझं पण घेत जा. मला बरं वाटेल.’ इतकं सरळ कुणी मागितलं की नाही म्हणणं अवघड असतं. नाही घेतलं त्यांनी नाव तर मला परत लिही, मग बघू.

आणि गुळाची तुला झाली की पारड्यातून पोर उचलायच्या आधी एक काम कर. त्या ढेपेचा एक खडा तोड आणि सगळ्यांच्या आधी तुझ्या हातानं सासूबाईंच्या तोंडात घाल. 19 महिन्यांनी.

— मावशी