मूक नव्हे हो, मूक नव्हे!

प्रश्न नागपूरच्या एका वाचक ताईंचा आहे. त्यांनी ‘बराका’ पाहिला. रॉन फ्रिकचा १९९२चा चित्रपट, चोवीस देशांत ७० मिमी फिल्मवर टिपलेला. गोष्ट नाही, संवाद नाहीत, निवेदन नाही. ताई पुरत्या हलून गेल्या, मैत्रिणीला सांगायला बसल्या आणि शब्दापाशी अडल्या. विचारतात, ‘याला मूक माहितीपट म्हटलं तर चालेल का?’

नाही चालणार.

या अर्थाने ‘मूक’ कानावर पडला की मला ठसका लागतो. एका फिल्म सोसायटीत सूत्रसंचालकाने ‘आता आपण एक मूकपट पाहू या’ असं जाहीर केलं, आणि मिनिटभरात संगीतकार फिलिप ग्लासच्या ऑर्गनने सभागृह भरून गेलं. चित्रपट होता ‘कोयानिस्कात्सी’, १९८२चा, ‘बराका’सारखाच बिनसंवादांचा. त्यात खर्जातला एक आवाज शीर्षकाचा शब्द, अमेरिकेतल्या मूळनिवासी होपी लोकांच्या भाषेतला, घोकत राहतो. हा मूक? आणि ताई, तुमच्या ‘बराका’त बालीचे ते शेकडो पुरुष दाटीवाटीने बसून, हात उंचावून ‘चक-चक-चक’ करतात, त्यांना मुके म्हणायची हिंमत माझ्यात तरी नाही.

शिवाय खऱ्या मूकपटात शब्द असायचे. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये मधूनमधून हिंदी-इंग्रजी पाट्या येतात. पाट्यासुद्धा नकोत असं ठणकावून सांगणारा सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हेर्तोव्ह १९२९मध्ये आला, ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ घेऊन. (तेही त्याने पाटी लावूनच सांगितलं, ही गंमत वेगळी.) म्हणजे मूकपटाला आवाज नव्हता, शब्द होते, ताईंच्या चित्रपटाला आवाज आहे, शब्द नाहीत. दोन्हींना एकच नाव देणं म्हणजे आंधळ्याला आणि बहिऱ्याला एकाच खोलीत कोंडणं.

आणि मराठीत ‘मूक’ हा काही साधासुधा शब्द राहिलेला नाही. बाबासाहेबांनी १९२०मध्ये ‘मूकनायक’ काढलं तेव्हा शीर्षभागी तुकोबांचा अभंग घेतला: ‘नव्हे जगी कोणी मुकियांचा जाण’. मूक म्हणजे ज्याला सांगायचं खूप आहे आणि ज्याचं कोणी ऐकत नाही तो. फ्रिकवर अशी वेळ आलेली नाही. तो आपण होऊन गप्प आहे.

‘निःशब्द’ सुचवणाऱ्यांनी जरा थांबावं. संस्कृतात शब्द म्हणजे आधी ध्वनी. आकाशाचा गुण शब्द, असं न्यायदर्शनवाले म्हणतात तेव्हा त्यांना शब्दकोश अभिप्रेत नसतो. तेव्हा ग्लासचं संगीत बंद करा, मग खुशाल निःशब्द म्हणा. तसाही तो शब्द हल्ली लग्नाच्या फोटोखाली ‘निःशब्द!’ लिहून लिहून गुळगुळीत झाला आहे.

आता मला ज्याच्याशी खरं कर्तव्य आहे त्या शब्दाकडे येतो. माहितीपट.

शुद्धिवाद्यांना हा शब्द सलतो, कारण ‘माहिती’ परकी. ते ‘अनुबोधपट’ म्हणतात. एका व्युत्पत्तिप्रेमी काकांनी तर माहिती ‘मति’पासून आली असं मला चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं. काका, ‘माहीतगार’ हा शब्द कधी ऐकलात? त्याचं शेपूट बघा: गुन्हेगार, मदतगार, माहीतगार. नुसत्या शेपटावरून जनावर ओळखू नये हे मान्य, पण इथे डोकंही तिकडचंच आहे. अरबीत ‘मा हिय?’ म्हणजे ‘ती काय आहे?’ या दोन शब्दांच्या प्रश्नाची तत्त्वज्ञांनी मोट बांधली आणि ‘माहिय्या’ हे नाम केलं: वस्तूचं काय-पण, तिचं सत्त्व. मध्ययुगातला थोर तत्त्वज्ञ इब्न सीना, त्याच्या अख्ख्या विचारात हा शब्द खांबासारखा उभा आहे. तो फारसीत ‘माहियत’ झाला. उर्दूत पंडितांपुरता राहिला, आणि आपण मात्र त्याला थेट बाजारात आणलं. ‘कोथिंबीर कशी दिली माहीत आहे का?’ म्हणणाऱ्या बाईच्या तोंडी इब्न सीना आहे!

माझा सिद्धान्त असा (हसणाऱ्यांनी हसावं): माहितीपट हा शब्द मुळातच प्रश्नार्थक आहे. ‘ती काय आहे?’ असं विचारणारा पट. आणि माहितीही मराठीत स्त्रीलिंगी, म्हणजे ‘हिय’चं लिंगसुद्धा आपण जपलं. योगायोग असेल. मला तो सोडवत नाही.

उलट अनुबोध म्हणजे शिकवण. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी सरकारी ‘फिल्म्स डिव्हिजन की भेंट’ यायची आठवतं? धरण दिसलं की आवाज सांगायचा, हे धरण आहे. शेतकरी हसला की आवाज सांगायचा, शेतकरी आनंदी आहे. तो अनुबोधपट! लोक तेवढ्या वेळात सामोसे घेऊन यायचे. पण त्याच फिल्म्स डिव्हिजनसाठी पंढरपूरला जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेननी १९६७मध्ये राजस्थानात जाऊन ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ केला. छत्री, कंदील, जोडा. ना कथा, ना दृश्यांना जोडून सांगणारं कोणी. कंदील पडद्यावर आला की आपणच विचारतो, ‘हा काय?’, आणि उत्तर न देता पुढचं दृश्य येतं. बर्लिन महोत्सवात त्याला लघुपटाचं सुवर्ण अस्वल मिळालं.

‘बराका’तली ती पिल्लं आठवा, ताई. पिवळीधमक, चिवचिवणारी कोंबडीची पिल्लं पट्ट्यावरून येतात, घसरगुंडीवरून पडतात, कोणाचे तरी हात त्यांना उचलतात, निवडतात, चोच डागतात, पुढे टाकतात. मध्येच टोकियोतली माणसं, आगगाडीत, सरकत्या जिन्यावर. एका वाक्याचं निवेदन घाला, ‘आधुनिक जीवनात माणूसही असाच...’, आणि बघा तुमचा हात सामोशाकडे जातो की नाही. मधल्या त्या कापात कोणी बोलत नाही म्हणून तो ‘मा हिय?’ आपल्या घशात येऊन अडकतो.

हे आपल्याकडे परकंही नाही. फाळक्यांनी ‘हरिश्चंद्र’च्या आधी कॅमेरा एका कुंडीसमोर रोवला आणि वाटाण्याचा अंकुर रोज थोडा थोडा टिपला. महिनाभराची वाढ पडद्यावर क्षणांत. ‘अंकुराची वाढ’. ती बघून भांडवलदाराने ‘हरिश्चंद्र’साठी पैसे दिले. तिथे सत्यवादी राजा नव्हता, तारामती नव्हती, वाटाणा होता.

हां, ताईंचा प्रश्न. ‘बिननिवेदनाचा माहितीपट’ म्हणा. ओबडधोबड आहे, पण खरं आहे. ‘मौनपट’ही मला आवडतो, कारण मौन पाळायचं असतं आणि मुकेपण वाट्याला येतं, पण तो रुळेपर्यंत मी नसेन. ‘बराका’ म्हणजे आपली बरकतच, पण तो विषय आज काढत नाही, जागा संपली. फक्त तुमच्या मंडळाला एक निरोप द्या. पुढच्या महिन्यात फ्रिकचाच २०११चा चित्रपट दाखवणार आहात म्हणता, तर पत्रकावर ‘सॅमसारा’ छापू नका. तो संसार आहे, भांड्याकुंड्यांसकट आपला.