डोळे उघडतो, पण भावाला जाणीव आहे की नाही हे नक्की कसं ठरवतात?

तुम्ही लिहिलंय की अपघाताला ७ आठवडे झाले. भाऊ डोळे उघडतो, पण कुणाकडे बघत नाही. डॉक्टर म्हणतात जाणीव नाही, आई म्हणते माझा आवाज कळतो त्याला. मग खरं कुणाचं?

मी नाशिकमध्ये मेंदूला मार लागलेल्या पेशंटची फिजिओथेरपी करते, सिडको-पंचवटीपासून दिंडोरी-निफाडपर्यंत घरी जाऊन. तुमच्या भावाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे निकाल देणार नाही. पण आईचं म्हणणं तपासता येतं, आणि त्याची ठरलेली पद्धत आहे.

आधी माझी चूक सांगते. द्राक्षाच्या टेम्पोचा एक ड्रायव्हर होता, पिंपळगावजवळ अपघात झालेला. पहिल्यांदा गेले ती दुपारी ३ वाजता. तो आडवा, फिटचं औषध नुकतंच नळीतून गेलेलं. हाक मारली, डोळ्यांपुढून बोट फिरवलं आणि १० मिनिटांत वहीत लिहिलं, ‘प्रतिसाद नाही’. त्याची बायको म्हणाली, “ताई, दाढी करताना आरसा धरला की बघतात हो ते.” मी मान डोलावली आणि निघाले. पुढच्या आठवड्यात सकाळी गेले, तर त्याला पुसून, पाठीला उशा लावून बसवलं होतं. तिनेच आरसा माझ्या हातात दिला. डावीकडे नेला, डोळे डावीकडे. उजवीकडे नेला, डोळे मागोमाग. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आठवडाभर त्या घरात माझ्या शब्दावर सगळे रडले होते, हे मला अजून टोचतं.

कारण जी खूण मी घालवली ती पुस्तकात लिहिलेली आहे. सीआरएस-आर नावाची तपासणी २००४ पासून वापरात आहे. त्यात नजर आरशानेच तपासतात. समोरच्या माणसापेक्षा किंवा वस्तूपेक्षा स्वतःचा चेहरा नजर जास्त खेचतो, हे पुढे अभ्यासातही दिसलं. आरसा हलेल तशी नजर पुन्हा पुन्हा मागोमाग जात असेल, तर तो माणूस नुसता जागा नाही, त्याला किमान जाणीव आहे असं मानतात.

आयसीयूच्या कागदावर तुम्हाला जीसीएसचा आकडा दिसला असेल, ३ ते १५ मधला. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांवरून तो शुद्ध मोजतो. ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये तो मांडला, आणि ताज्या दुखापतीत तो फार उपयोगी आहे. पण घशात नळी असलेला माणूस बोलणार कसा? आठवड्यांनंतरची बारीक जाणीव त्यात सापडत नाही. २००९ च्या एका अभ्यासात ४४ पेशंटना डॉक्टरांच्या एकमताने ‘जाणीव नाही’ म्हटलं होतं. सीआरएस-आरने तपासल्यावर त्यातल्या १८ जणांत ती सापडली.

आता आईला ऐकायला कठीण अशी एक गोष्ट. दार आपटल्यावर दचकणं, जांभई, कण्हणं, कधी हसल्यासारखा चेहरा, तळहातात बोट ठेवलं की मूठ आवळणं, हे सगळं जाणिवेशिवायही होतं. म्हणून हातात हात देऊन “दाब” म्हणू नका. “अंगठा वर कर” किंवा “डोळे मिट” म्हणा, १० सेकंद थांबा, असं ४ वेळा. मग काहीही न सांगता तेवढाच वेळ नुसतं बघत बसा. सांगितल्यावर होतं आणि न सांगता होत नाही, हा फरक दिसला तर आई बरोबर आहे.

भाषा घरचीच हवी. सटाण्याकडच्या एका आजींना सगळे हिंदीत सांगत होते. घरी त्या आयुष्यभर अहिराणीच बोलल्या होत्या. नातीने अहिराणीत सांगितलं तेव्हा त्यांनी जीभ बाहेर काढली.

आणि एका दिवसावर जाऊ नका. अशा पेशंटची जाणीव दिवसातल्या दिवसात वरखाली होते. दोन आठवड्यांत निदान ५ वेळा तपासावं असं अभ्यास सांगतात. झोपेचं औषध, लघवीचा संसर्ग, डोक्यात साठलेलं पाणी, बाहेर न दिसणाऱ्या फिट्स, यांपैकी काही आहे का हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे.

अंग अजिबात हललं नाही तरी आत माणूस असू शकतो. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये २३ वर्षांच्या एका बाईला एमआरआय मशीनमध्ये असताना टेनिस खेळतेय असं मनात आणायला सांगितलं, आणि तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखीच हालचाल दिसली. २०२४ मध्ये आज्ञा न पाळणाऱ्या २४१ पेशंटची एमआरआय किंवा ईईजीने (डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी टिपणारी तपासणी) अशीच तपासणी प्रसिद्ध झाली. ६० जण मनातल्या मनात आज्ञा पाळत होते. ही तपासणी रोजच्या उपचारात अजून आलेली नाही, म्हणून भावासमोर खर्चाचं, जमिनीचं, ‘आता काय उरलंय’चं बोलणं आजपासून बंद करा.

डोक्याला मार लागलेल्यांत सुधारणा १२ महिन्यांपर्यंत आणि कधी पुढेही होते. ७ आठवड्यांत कायमचा शब्द कुणी देऊ नये. भाऊ बोलेल, चालेल असं मात्र मी म्हणत नाही. त्या ड्रायव्हरने ४ महिन्यांनी मागितल्यावर कंगवा उचलून दिला. बोलत तो अजूनही नाही.

सकाळी, बसवून, टीव्ही बंद करून आईलाच बोलू द्या. मोबाईलवर व्हिडिओ काढा, त्यात सांगितलेलं वाक्यही ऐकू येऊ द्या, आणि वेळ लिहून ठेवा. आठवडाभराचे व्हिडिओ घेऊन न्यूरोच्या डॉक्टरांकडे जा आणि सीआरएस-आर करून द्याल का असं नाव घेऊन विचारा. काय झालं ते इथे कळवा, फक्त रिपोर्टचे फोटो टाकू नका.