जीआरबीएल १.१ वर चालणाऱ्या छोट्या सीएनसी राउटरला लिमिट स्विच (अक्षाच्या टोकाला गाडा पोचला की दाबले जाणारे) तीन लावू की सहा? होमिंगचे वेगळे लागतात का? आणि स्विच एनओ (दाबल्यावरच जोडले जाणारे) लावलेत, तर स्पिंडल (हत्यार फिरवणारी मोटर) चालू केला की अलार्म का येतो?

तीन पुरतात. होमिंगला वेगळे स्विच लागत नाहीत. तोच स्विच होमिंगच्या वेळी मशीनचं शून्य शोधून देतो आणि एरवी लिमिटचं काम करतो. तुमचा बोर्ड जीआरबीएल १.१ वर (मशीन चालवणारं फर्मवेअर, त्याच्या सेटिंग $ आणि आकड्याने लिहितात) चालतो म्हणता, तेव्हा त्याच हिशेबाने सांगतो.

प्रत्येक अक्षाच्या एकाच टोकाला स्विच लावा. झेडचा मात्र वरच, कारण होमिंगमध्ये आधी झेड वर उचलला जातो आणि मगच एक्स-वाय हलतात. होमिंग ($२२=१) जमलं की $१३० ते $१३२ मध्ये अक्षांचा खरा प्रवास मिलिमीटरमध्ये भरा आणि $२०=१ करा. हे सॉफ्ट लिमिट. पलीकडच्या टोकाचे तीन स्विच इथेच वाचतात. जी-कोड (मशीनला दिलेल्या हालचालीच्या आज्ञा) हद्दीबाहेर जायला लागला तर मशीन आधीच सावकाश थांबतं, पोझिशन शाबूत राहते. हार्ड लिमिट लागलं, म्हणजे काम चालू असताना खरा स्विच दाबला गेला, की मोटर जागीच बंद होतात. मग पोझिशनवर भरवसा ठेवता येत नाही, पुन्हा होमिंग करावं लागतं.

मला विचाराल तर खरी कमाई होमिंगचीच. मधेच वीज गेली तरी होमिंग करून जॉब त्याच जागी पुन्हा धरता येतो, कारण जी५४ चा ऑफसेट (मशीनच्या शून्यापासून जॉबचं शून्य किती दूर) बोर्डच्या मेमरीत राहतो. जी९२ ने शून्य धरलं असेल तर ते गेलंच समजा.

आता अलार्म. तुमचे स्विच एनओ जोडलेत. न दाबलेल्या स्थितीत ती लांब वायर बोर्डातल्या कमजोर पुल-अपवर (लाइन वरच्या व्होल्टेजला ओढून ठेवणारा रेझिस्टर) लोंबकळत असते, म्हणजे अँटेनाच. स्पिंडलचा नॉइज तिच्यावर बसतो, आणि हार्ड लिमिट इंटरप्टवर (सिग्नल बदलला की त्याच क्षणी दखल) चालत असल्याने बारीकशी पल्सही पुरते. मायक्रोस्विचच्या कॉमन आणि एनसी (न दाबता जोडलेला) पायांवर वायर घ्या, $५=१ (लिमिटचा सिग्नल उलटा वाचायचा) करा. आता लाइन कायम ग्राउंडला बांधलेली राहते, शिवाय वायर तुटली तर लगेच कळतं. तरी त्रास उरला तर शिल्डेड केबल घ्या, शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा, आणि बोर्डाजवळ सिग्नल-ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. स्विचच्या वायरी स्पिंडलच्या केबलला चिकटवून नेऊ नका. $२६ (डिबाउन्स, म्हणजे स्विचची थरथर शांत व्हायला द्यायचा वेळ) वाढवून बघा असं बरेच जण सांगतात. तो डिबाउन्स फक्त होमिंगपुरता आहे, इथे काही उपयोग नाही.

पहिल्यांदा होमिंग करताना $२५ (स्विच शोधायचा वेग) कमी ठेवा, गाडा मधोमध आणा आणि एक हात रिसेटवर असू द्या. त्याआधी स्विच एकेक करून बोटाने दाबा आणि प्रश्नचिन्ह पाठवून स्टेटसमध्ये बरोबर अक्षाचं अक्षर येतंय ना पाहा. झेडचं येत नसेल तर सीएनसी शिल्ड (केबलचं नव्हे, आर्डुइनोवर बसणारा बोर्ड) जुना असेल: त्यावर झेड लिमिट पिन ११ वर आहे, नवं फर्मवेअर तो १२ वर शोधतं. गाडा उलट्या दिशेला निघाला तर $२३ बदला. स्विच सापडूनही अलार्म ८ आला तर मागे सरकायचं अंतर कमी पडतंय, $२७ थोडं वाढवा.